समदी भाईर

आमच्या ऑफिसात आता संध्याकाळी कुणी ओरडत नाही. नवी सिस्टिम आली आहे. ती म्हणे कुठल्याशा लांबच्या शहरात राहते आणि आपण तिच्यात आहोत की नाही याचं तिला काही पडलेलं नसतं. काम अर्धवट टाकून निघून गेलं तरी ती हूं की चूं करत नाही. सगळे खूश आहेत. मी नाही. ऑफिस सुटायची वेळ झाली की माझे कान अजून टवकारतात. ‘समदी भाईर!’ अशी खणखणीत हाक येईल आणि आपण आपलं नाव घेऊन ‘भाईर’ म्हणायचं, असं वाटत राहतं.

ती हाक कृष्णात आण्णांची.

दहिवडीतलं आमचं ऑफिस म्हणजे मेंढपाळांच्या जनावरांचं औषधपाणी बघणारी एक लहानशी संस्था. दिवाळी झाली की माण तालुक्यातले कळप चाऱ्याच्या मागं बाहेर पडतात. कुठला कळप कुठल्या शिवारात आहे, त्याला कुठली लस दिली, पुढची कधी द्यायची, हे सगळं आम्ही बघायचो. देशमाने डॉक्टर संस्थेचे प्रमुख. सुनंदा फोनवर कळपांचा ठावठिकाणा घ्यायची, महेशकडं औषधं आणि लसींचा फ्रिज, आणि लसीकरणाच्या नोंदी माझ्याकडं. मी मूळची शिराळ्याची, लग्न होऊन इकडं आलेली. आण्णांनी मला नावानं कधीच हाक मारली नाही. ‘शिराळकर’ म्हणायचे, तेही पलटणीत म्हणावं तसं.

कारण आण्णा फौजेतले. सिग्नलला, म्हणजे वायरलेस सेटवर होते. पेन्शन घेऊन आल्यावर साताऱ्यात त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं, ते कंटाळून बंद केलं आणि डॉक्टरांच्या आग्रहावरून आमच्याकडं आले. पहिल्या दिवशी मी त्यांना बघितलं आणि मला हसूच आलं. दहिवडीच्या फुफाट्यात आरशासारखे बूट, इस्त्रीची पँट, खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर. मशीनसमोर बसण्याआधी खिशातला कंगवा काढून भांग पाडायचे. मिशीवरूनही फिरवायचे. मी एकदा म्हणाले, ‘‘आण्णा, कॉम्प्युटरला काय दिसतंय?’’ तर म्हणाले, ‘‘त्येला न्हाई दिसत. मला दिसतंय की, बंद पडद्यात.’’

ते आले तेव्हा आमचा कारभार भलता होता. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर प्रत्येकाची वेगळी फाईल. सुनंदाच्या फाईलमध्ये एखादा कळप वडूजला असायचा, महेशच्या फाईलमध्ये तोच कळप म्हसवडला, आणि माझ्या फाईलमध्ये तो कळपच नसायचा. मग पेनड्राइव्ह या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचा आणि ज्याची फाईल शेवटची, ती खरी. आण्णांनी दोन दिवस हे नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी ड्रिल मशीन घेऊन आले आणि कुणाला न विचारता भिंतींना भोकं पाडायला लागले.

‘‘आवं, भाड्याची जागा आहे,’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘भिंती तुमच्या न्हाईत, पन मानसं तर तुमचीच हायत न्हवं?’’ आण्णा म्हणाले. ‘‘एका छपराखाली बसून चार मानसं चार गोष्टी बोलत्यात. ह्येला हापिस म्हनायचं का बाजार?’’

आठवडाभर ते वायरी ओढत होते. लसींच्या फ्रिजशेजारी एक कॉम्प्युटर ठेवला, तो मुख्य. सगळा डेटाबेस त्याच्यावर. आमच्या टेबलांवरून आम्ही सगळे त्या एकाच डेटाबेसमध्ये शिरायचं, प्रत्येकानं आपल्या नावानं आणि आपल्या पासवर्डनं. एका कळपाची नोंद कुणी उघडली असेल तर दुसऱ्याला ती तेवढ्या वेळापुरती बंद. प्रत्येक नोंदीखाली ती शेवटी कुणी बदलली त्याचं नाव. वीज गेली तर मुख्य कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालायचा. त्यावरून महेशचं आणि त्यांचं रोज वाजायचं, कारण महेशला इन्व्हर्टर फ्रिजसाठी हवा असायचा. डॉक्टरांनी आपला पासवर्ड कागदावर लिहून पडद्याला चिकटवला होता. आण्णांनी तो कागद काढला, चुरगळला, खिशात घातला आणि पासवर्ड बदलून टाकला. नवा पासवर्ड डॉक्टरांना दुपारपर्यंत सांगितला नाही. शिक्षा म्हणून.

पण त्यांचा खरा जीव होता तो पडद्याच्या तळाशी त्यांनी बसवलेल्या एका पट्टीवर. तिथं ‘आत’ असं लिहिलेलं असायचं आणि त्यापुढं या क्षणी जे कोणी डेटाबेसमध्ये असतील त्यांची नावं. आपण शिरलो की आपलं नाव उमटायचं, बाहेर पडलो की पुसलं जायचं. मी विचारलं, याचा उपयोग काय? तर माझ्याकडं असं बघितलं, जणू मी दिवसाढवळ्या सूर्याचा उपयोग विचारला होता.

‘‘अगं, शेजारी कोन हाय ते कळाय नको व्हय? आमी सेटवर बसायचो तवा पल्याड कोन हाय ते आदी इचारायचो. मग बोलायचो.’’

संध्याकाळी बॅकअप घ्यायचा आणि डेटाबेस साफसूफ करायचा, तर त्या वेळी आत कुणीच असून चालायचं नाही. म्हणून ती हाक. आण्णा मुख्य कॉम्प्युटरसमोर उभे राहायचे, बसून नाही, आणि आवाज द्यायचे. आम्ही एकेकानं नाव घेऊन उत्तर द्यायचं. ‘सुनंदा भाईर.’ ‘महेश भाईर.’ डॉक्टरसुद्धा केबिनमधून म्हणायचे. ते नुसतं ‘हो हो’ म्हणाले तर चालायचं नाही. सगळी नावं पुसली गेली की पट्टीवर एकच नाव उरायचं, कृष्णात. मग ते समाधानानं म्हणायचे, ‘‘आता म्या एकलाच. लावतो दार.’’

या शिस्तीचा आम्हाला वैताग यायचा, खोटं कशाला बोलू. एकदा वीज गेली आणि आली तेव्हा महेशचं नाव पट्टीवर अडकून बसलं. महेश पलीकडं भजी खायला गेलेला. आण्णांना तो पट्टीवर दिसत होता आणि खुर्चीत दिसत नव्हता. ते तडक भज्यांच्या गाड्यावर गेले.

‘‘मशीन म्हनतंय तू आत हायस. आन् तू हितं भजी खातुयास व्हय रं?’’

‘‘आवं आण्णा, लाईट गेलती. नाव अडाकलं आसंल.’’

‘‘मग ये आन् सोडव त्येला.’’

‘‘भजी खाऊन येतो.’’

‘‘तंवर तू तिकडं आत आन् हितं भाईर. दोन्हीकडनं गेलास की गड्या!’’ असं म्हणून त्याच्या पुढ्यातलं एक भजं उचलून ते परत आले.

पण मला त्यांचा राग कधी आला नाही, तो सुनंदाच्या प्रसंगामुळं. आण्णा येऊन थोडेच दिवस झाले होते, हाकेची पद्धत तेव्हा पक्की नव्हती. सुनंदा मागच्या खोलीत एका कॉम्प्युटरवर दिवसभर कळपांच्या नोंदी भरत होती आणि इकडं आण्णांनी पट्टी न बघताच, सगळे बाहेर आहेत असं समजून साफसफाई सुरू केली. फाईल बिघडली. आदल्या दिवशीचा बॅकअप होता, त्यामुळं बाकी सगळं परत आलं, पण सुनंदाचा तो अख्खा दिवस गेला. सुनंदा तेव्हा नोकरीत तशी नवीच होती. ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. आण्णा उठून तिच्याजवळ गेले. मला वाटलं, आता हिला चार शब्द ऐकवणार. ते टाचा जुळवून उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘चूक माजी हाय. म्या बगितलं न्हाई.’’ दुसऱ्या दिवशी ते तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसले. ती वाचायची, ते टाइप करायचे.

त्या दुपारी जेवताना त्यांनी आम्हाला त्यांच्या लहानपणचं सांगितलं. आण्णांचं घर मेंढरांचं. थंडीच्या दिवसांत ते कोकरांच्या उबेला वाडग्यातच, मेंढरं कोंडतात तिथंच, झोपून जायचे. ‘‘आमचा बा वाडग्याचं दार लावायच्या आदी वाकून आत बगायचा. कोकरू न्हाई, मी. मेंढरात पोरगं गावायचं न्हाई लवकर, केसाळ समदं. मग हाक मारायचा. मी व्हय म्हनंस्तवर दार लावायचा न्हाई. पाऊस आसू दे न्हाईतर काय आसू दे.’’ भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ते म्हणाले, ‘‘आत मानूस आसताना दार लावायचं न्हाई. ह्ये मला ठावं व्हतं, तरी काल इसारलो.’’

दुसऱ्या दिवसापासून हाक सुरू झाली, आणि ती कित्येक वर्षं चुकली नाही.

‘इसारलो’ हा शब्द नंतर नंतर आम्ही त्यांच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकायला लागलो. आधी कंगवा. मग स्क्रू ड्रायव्हर. एकदा बूट एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी. आम्ही हसलो, तेही हसले. मग पासवर्ड विसरू लागले. ज्या माणसानं आम्हाला पासवर्डवरून सळो की पळो केलं होतं, तो माणूस माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणायचा, ‘‘शिराळकर, जरा बग गं, मला आत घीना झालंय.’’ मी नवा पासवर्ड करून द्यायची. कुणाला कळू नये म्हणून तेही हळू बोलायचे आणि मीही. त्यांच्या बायकोनं, कमलकाकूंनी, त्यांना साताऱ्याला डॉक्टरकडं नेऊन आणलं. हा आजार विसरण्याचाच आहे आणि तो वाढत जाणार, एवढं तिथं कळलं. आण्णांनी आम्हाला सांगितलं, ‘‘बी.पी. हाय म्हनं थोडं.’’

मग पारूबाईंची गोष्ट घडली. पारूबाईंचा कळप त्या वर्षी कोरेगावच्या बाजूला उसाच्या रिकाम्या रानात बसला होता. त्यांचा मुक्काम आणि लसीचा दिवस कळवणारा फोन सुनंदाच्या सुट्टीत आण्णांनी घेतला आणि नोंद दुसऱ्याच कळपावर केली, जो औंधजवळ होता. लसीची गाडी औंधला गेली. तिथल्या मेंढपाळांनी सांगितलं, आमची लस झालेली आहे. पारूबाई तिकडं वाट बघत राहिल्या. चूक कळून गाडी त्यांच्यापर्यंत जाईस्तोवर कळपात रोग शिरला होता. बरीच कोकरं गेली.

पारूबाई ऑफिसात आल्या. भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दाराशीच खाली बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘आमी वाट बगितली वो. रोज रस्त्याकडं बगायचो. पोरगी म्हनायची आज गाडी येनार.’’

आण्णा संतापले. इतके संतापलेले मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. ‘‘कुनी केली ही नोंद? दावा मला. नाव आसतंय खाली, म्या सोता बशिवलंय.’’

आम्हाला माहीत होतं. महेश म्हणाला, ‘‘जाऊ द्या आण्णा, मागनं बगू.’’ पण ते स्वतःच माझ्या कॉम्प्युटरशी आले, माझ्या हातातून माऊस घेतला, नोंद उघडली आणि खाली वाकून वाचलं. पुन्हा वाचलं. मग माऊस टेबलावर अगदी जपून ठेवला. पारूबाईंपुढं जाऊन टाचा जुळवल्या. पण या वेळी नुसतेच उभे राहिले. पारूबाईच म्हणाल्या, ‘‘बसा दादा, बसा.’’

त्याच संध्याकाळी त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, ‘‘माजं नाव काडा आतनं.’’ डॉक्टरांनी काढलं. दुसरं काय करणार? ते नाव काढताना डॉक्टरांचे डोळे भरून आले होते आणि माझेही.

पण घरी बसणं आण्णांना जमेना. काही दिवसांनी कमलकाकू आल्या. म्हणाल्या, ‘‘सकाळधरनं बूट घालून बसत्यात. हापिसला उशीर झाला म्हनत्यात. म्या न्हाई म्हटलं की माज्याकडं अशे बगत्यात, जसं म्या कोंडून घातलंया. आवं, नुसतं बसू द्या त्यास्नी हितं. कामाला हात लावू देऊ नगा.’’

नुसतं बसणारा माणूस तो नव्हता, हे आम्हाला ठाऊक होतं. तेव्हा महेशनं तोड काढली. डेटाबेसची एक वेगळी प्रत करायची. ती आमच्या खऱ्या डेटाबेसला कुठंच जोडलेली नाही. आण्णांनी तिच्यात हवं ते लिहावं, हवं ते खोडावं. पारूबाईंसारखं पुन्हा कुणाचं नुकसान व्हायला नको आणि आण्णांचं मनही मोडायला नको. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

आण्णा आले. बूट चकचकीत, काकूंनी केलेले. भांग पाडला. त्यांच्या जुन्या नावानं महेशनं त्यांना आत घालून दिलं. ते जुन्याच ऐटीत एका बोटानं टाइप करत बसले. आम्ही आपापल्या कामाला लागलो. थोड्या वेळानं बघते तर त्यांचे हात थांबलेले आणि नजर पडद्याच्या तळाशी, पट्टीवरच्या एकट्या आपल्या नावावर. ऑफिस भरलेलं होतं. सुनंदा फोनवर बोलत होती, महेश फ्रिजशी होता.

‘‘शिराळकर,’’ त्यांनी विचारलं, ‘‘आज समदी सुट्टीवर हायत व्हय गं?’’

चार टेबलांवरची माणसं एकत्र बसावीत म्हणून ज्यानं भिंती फोडल्या, त्यालाच आम्ही वेगळं बसवलं होतं, आणि ते त्याला त्याच्याच पट्टीनं सांगितलं. मी उठले. महेशला बाजूला घेतलं. त्यानं माझ्या कॉम्प्युटरवरून त्या प्रतीत जायची वाट करून दिली. मी शिरले. आण्णांच्या पट्टीवर माझं नाव उमटलं असावं, कारण त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. ‘‘हायस व्हय. बरं, बरं,’’ म्हणाले आणि परत टाइप करायला लागले.

त्यानंतर आम्ही सगळेच दोन दोन ठिकाणी असायचो. खऱ्या डेटाबेसमध्ये काम आणि आण्णांच्या प्रतीत नुसती हजेरी. डॉक्टरसुद्धा सकाळी आल्या आल्या आधी तिकडं नाव लावायचे. कुणाचं राहिलं तर आण्णा अस्वस्थ व्हायचे. ते काय टाइप करत, याला पुढं पुढं काही अर्थ राहिला नव्हता. कधी कुणा जुन्या पलटणवाल्याचं नाव, कधी नुसते आकडे. पण संध्याकाळची हाक मात्र बिनचूक. ती कशी राहिली होती कोण जाणे. बाकी सगळं झडलं तरी ती राहिली होती.

त्यांचा ऑफिसातला शेवटचा दिवस हा शेवटचा आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यानंतर ते अंथरुणाला खिळले आणि थंडी सरायच्या आत गेले. मी भेटायला जायची, पण ते ओळख देत नसत, आणि अंथरुणातले ते आण्णा मला आठवायचेही नाहीत. मला आठवते ती ऑफिसातली संध्याकाळ.

ऑफिस सुटायची वेळ झाली होती. कमलकाकू त्यांना न्यायला येऊन दाराशी उभ्या होत्या. आण्णा उठले, शर्ट खाली ओढून नीट केला आणि हाक दिली.

‘‘समदी भाईर!’’

‘‘सुनंदा भाईर.’’

‘‘महेश भाईर.’’

‘‘देशमाने भाईर,’’ केबिनमधून.

‘‘शिराळकर भाईर,’’ मी म्हणाले.

एकेक नाव पुसलं जाताना ते पट्टीकडं बघत होते. मग थांबले. आता ‘म्या एकलाच’ म्हणतील म्हणून आम्ही वाट बघत होतो. ते खाली वाकले. बोट पट्टीवर ठेवलं आणि शाळेतलं पोर वाचतं तसं वाचलं.

‘‘क्रुष्णात.’’

मग आमच्याकडं वळले. एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, कुणी राहिलंय का म्हणून.

‘‘ह्यो कोन? ह्यो आजून आत हाय.’’

सुनंदानं तोंड फिरवलं. आण्णांनी पुन्हा हाक दिली, या वेळी मोठ्यानं, मागच्या खोलीकडं तोंड करून. ‘‘आरं ए क्रुष्णात! भाईर ये रं!’’ आणि कान देऊन थांबले.

कमलकाकू पुढं आल्या. त्यांनी आण्णांचा हात धरला. ‘‘आवं, चला घरी. दिवस मावळाय आलाय.’’

आण्णांनी हात सोडवून घेतला. रागानं नाही, सावकाश. खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसले.

‘‘थांब जरा,’’ ते म्हणाले. ‘‘व्हय म्हनंल आत्ता. आत मानूस हाय.’’

काकू बाकावर टेकल्या. महेश दिवे घालवायला गेला होता, तो तसाच परत आला. आणि आम्ही सगळे आपापल्या खुर्चीत बसून त्याची वाट बघत राहिलो.